पान उचलण्याआधी

काकू,

तुम्ही विळीवर नारळ खवत होतात आणि मी समोर बसून ताटलीतलं खोबरं चिमटीचिमटीने पळवत होते. मुलुंडच्या त्या दोन खोल्या, खिडकीतून येणारा मिठागरांचा खारट वारा, स्टोव्हवर रटरटणारी कुळथाची पिठी. तुम्ही वर न बघता म्हणालात, "ठेव गो थोडा कढीक. सगळा तूच खाल्लंस तर हे काय पितले?" हे म्हणजे काका. भूगोल घोकत बसलेली तुमची धाकटी पुस्तकातूनच म्हणाली, "नैरोबीत नारळ मिळत नाहीत वाटतं." मी म्हटलं, "मिळतात की. मोंबासाहून येतात." "मग तिकडे जाऊन खा ना, हावरट." तुम्ही हसलात. त्या दिवशी दुसरं काहीही घडलं नाही, आणि तरी इतक्या वर्षांनी इथे, माझ्या स्वयंपाकघरात, तोच दिवस सारखा येऊन बसतो.

बाबा आणि काका एका बाकावर शिकलेले, एवढ्याच ओळखीवर तुम्ही मला ठेवून घेतलंत. कॉन्व्हेंटमधून निघालेली, सतरा-अठरा वर्षांची, बी.एस्सी. करायला नैरोबीहून समुद्र ओलांडून आलेली मुलगी. माझं मराठी घरातलं आणि पुस्तकातलं. तुमची मालवणी कळायला गणपती उजाडले. मला तुमच्या थोरल्या मुलीची खाट दिलीत. ती आदल्या वर्षी काविळीने गेली होती, माझ्याच वयाची. तुम्ही कुणी ते लपवलं नाहीत, कपाटावर तिचा हार घातलेला फोटोच होता. पहिल्या पावसात माझी सँडल तुटली तेव्हा तुम्ही खाटेखालून तिच्या चपला काढून दिल्यात आणि त्या मला नेमक्या बसल्या. तेव्हा तुम्ही माझ्या पायांकडे बघत राहिलात. तिला तुम्ही बाय म्हणायचात. हळूहळू मलाही म्हणू लागलात. तुम्ही आतून "बाय" अशी हाक मारलीत की मी वळायचे, आणि माझ्या आधीच दुसरं कुणीतरी वळलंय असं वाटायचं.

मग पितृपक्षात तुमच्या घरचा म्हाळ आला. काळ्या वाटाण्यांची उसळ, वडे, नारळाच्या रसातली खीर. पितरांची पानं मांडून झाल्यावर तुम्ही एक वेगळं पान मांडलंत आणि मला पाटावर बसवलंत, मांडीवर नवं कापड ठेवलंत. मला वाटलं, पाहुणी म्हणून लाड चाललेत. सगळे उभे होते आणि मी एकटी जेवत होते. शेवटी तुम्ही समोर बसून विचारलंत, "बाय, पोट भरला मां गो?" शाळेत सिस्टर शिकवायच्या, वाढणारीला खूश करायचं असेल तर पोट भरलं म्हणू नये, अजून थोडं मागावं. मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "नाही काकू. अजून थोडी खीर."

काकांनी भिंतीला हात टेकला. तुमचा चेहरा मात्र असा उजळला की तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. तुम्ही पातेलंच पुढे ओढलंत.

धाकटीने दुसऱ्या दिवशी समजावलं, आठवीतली पोरगी, पण बोलायची मोठ्या बाईसारखी. "अगं वेडे, ते तुला नव्हतं विचारलं. ताईला विचारलं. लग्नाआधी गेलेल्या मुलीसाठी तिच्या वयाची मुलगी जेवायला बसवतात आमच्यात. ती पोट भरलं म्हणाली की पान उचलायचं, मग ताई बाकीच्यांबरोबर पितरांत. वेगळं पान बंद. तू अजून दे म्हणालीस. आता काय, आई वाढतच राहणार."

आणि तुम्ही वाढतच राहिलात. रोज संध्याकाळी माझ्या ताटाशेजारी थोरलीची कांशाची वाटी भरून ठेवायचात. मी कधी सुकटीला हात न लावणारी. त्या वर्षी मला सुकटीच्या वासाने भूक लागू लागली. थोरलीला ती आवडायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोशिंबिरीसारखी कालवलेली, कच्चा कांदा घालून, हे मी आपण होऊन मागितलं तेव्हा तुम्ही स्टोव्हकडे तोंड केलंत आणि कांदा चिरायला घेतलात. दुसऱ्या वर्षी म्हाळाला मला सगळं माहीत होतं. तुम्ही विचारलंत, मी तुमच्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, "अजून थोडी." दुसरं काही म्हणवलंच नाही.

पण धाकटी स्वतःचा डबा स्वतः भरून शाळेत जात होती. गॅदरिंगला तिने नाच केला, तो बघायला काका आणि मी गेलो. ती तापाने फणफणली होती त्या संध्याकाळीसुद्धा तुम्ही आधी ती वाटी भरलीत आणि मग तिच्या कपाळावर हात ठेवलात. तिने कूस बदलली. मला म्हणाली, "मी मेले असते तर बरं झालं असतं ना? मला पण वाटी मिळाली असती." गंमत केल्यासारखं म्हणाली. 

तिसऱ्या वर्षी, म्हाळाच्या आदल्या दिवशी, रविवारी, काका बाजाराची पिशवी घेऊन निघाले आणि मला म्हणाले, "चल गो वांगडा." मी बरोबर गेले. परत येताना मिठागराच्या बांधापाशी थांबले. "धाकटीचा धावीचा वर्ष आसा. तिका आवस व्हयी. ह्या टायमाक भरला म्हण." एवढंच. धाकटीचं दहावीचं वर्ष, आणि तिला आवस, म्हणजे आई, हवी होती. त्याच दुपारी तुम्ही माझ्या केसांना तेल लावलंत, खूप वेळ लावलंत. म्हणालात, "उद्या तुका वाटात ता सांग. पण घाईन सांगा नको."

मी पाटावर बसले आहे. पानात खीर पसरते आहे, तुम्ही आधीच जास्त वाढली आहे. काका दाराशी, माझ्याकडे न बघता उभे. धाकटी ओट्याजवळ डाव हातात धरून. तुम्ही समोर बसता, पदर सारखा करता, विचारता, "बाय, पोट भरला मां गो?" त्या घरात मी कधी मालवणी बोलले नव्हते. तुम्हाला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून येतं, "भरला गो आवशी. आता धाकटीक वाढ."

ते शब्द मी ठरवले नव्हते, काकू. अजून मला त्यांचा माग लागत नाही.

तुम्ही रडला नाहीत. दोन्ही हातांनी पान उचललंत, बाहेर ठेवून आलात, हात धुतलेत आणि धाकटीला बोट धरून त्याच पाटावर बसवलंत. ती पंधरा वर्षांची घोडी, मान खाली घालून लहान मुलासारखी जेवली. त्या संध्याकाळी माझ्या ताटाशेजारी वाटी नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चहाला हाक मारलीत ती माझ्या नावाने. नीट, प्रेमाने, पण नावाने. परीक्षा होऊन मी निघेपर्यंत मी पुन्हा कधी बाय झाले नाही. सुकटीचा वासही पुन्हा पूर्वीसारखा नकोसा झाला. निघताना तुम्ही सामानात एक जुन्या लुगड्याची पुरचुंडी ठेवलीत. विमानात उघडली तर तीच वाटी.

तुम्ही गेल्याचं धाकटीनेच फोनवर कळवलं. म्हणाली, "शेवटपर्यंत आई सांगायची, माझी बाय तृप्त होऊन गेली." मी बरं म्हटलं. त्यालाही आता किती वर्षं झाली. माझे केस पांढरे झाले आणि थोरली अजून माझ्या त्या वयाची.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. पण मागचं सगळं लावून ठेवायचं वय झालंय, म्हणून तुम्हालाच सांगते आणि मग माझ्यामागे सगळं बघणाऱ्या माझ्या भाचीला सांगेन. तिसऱ्या वर्षी तुम्ही मांडीवर ठेवलेलं पोपटी कापड मी कधी बेतलं नाही, ते धाकटीच्या लेकीला. थोरलीच्या चपला मी चुकून नेल्या होत्या, त्या कुणाला देऊ नयेत, माझ्याबरोबर जाऊ द्याव्यात. कांशाची वाटी धाकटीला, पण रिकामी नाही, नारळाच्या रसातली खीर घालून. आणि मीही बिनलग्नाची, म्हणून माझ्या नावाने धाकटीने कधी पान मांडलंच, तर बसवलेल्या मुलीला काही विचारू नये, नुसतं वाढावं. कारण भरला म्हणाले त्या दिवशीही, काकू, मला अजून थोडी हवी होती.