यंदा गच्चीवर जागा नाही

नाशिक रोड
९ मार्च २०२५

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम. वि. वि.

हे फोनवर बोलले नाही, कारण तुमच्याकडचा फोन ओट्यावर स्पीकरवर असतो आणि तुझ्या सासूबाईंपासून शेजारच्या चतुराबाईपर्यंत सगळे ऐकतात. आपलं जुनं पत्रच बरं.

आमच्या गच्चीचं वाटोळं झालं. दिनेशने पुण्यात बसून मोबाइलवर सोलर बुक केलं, आईबापाचं वीजबिल वाचवायला. मी त्या सोलरवाल्याला बजावून बजावून सांगितलं होतं की प्लेटा उंच स्टँडवर घे, खालून बायांना वावरता आलं पाहिजे, आम्हा बहिणींचं वाळवण तिथेच असतं. तो मान हलवत होता. मी मनमाडला लग्नाला गेले आणि त्याची पोरं येऊन कमरेएवढ्या उंचीवर सगळी गच्ची झाकून गेली. तुझे दाजी खाली पेपर वाचत होते. त्यांनी पोरांना वर चहाही पाजला.

स्लॅबला भोकं पाडून ठेवलीत. परवा टाकी भरून वाहिली तर पाणी थेट आमच्या पलंगावर. दुपारनंतर निम्म्या प्लेटांवर टाकीचीच सावली पडते आणि बिल होतं तेवढंच येतंय. ऑफिसला फोन लावला की साहेब साइटवर गेलेत, असं गोड आवाजात सांगतात.

तर यंदा गहू निवडायला घेऊ नकोस. कुरडया घालायला वीतभर ऊन उरलेलं नाही. मला लिहितानाही कसंतरी होतंय.

भिकनरावांना जयभीम सांग. माझ्यावर चिडू नकोस, मीच पुरेशी चिडलेय.

तुझी,
वत्सलाताई


कळवण
१७ मार्च २०२५

ती. वत्सलाताईस,
ललिताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी दाजींच्या चहाचं हसू आलं. मग गव्हाचं वाचलं आणि सूप बाजूला ठेवून नुसती बसून राहिले.

ताई, तुला ठाऊक आहे, मला या घरातून उगाच बाहेर पडता येत नाही. कामाला मात्र कोणी नाही म्हणत नाही. दोन्ही घरच्या कुरडया करायच्या, ताईच्या गच्चीवर ऊन चांगलं, शिवाय तिला मदतीला कोणी नाही, हे सासूबाईंना इतकी वर्षं पटत आलं. तेवढ्यावर माझं माहेर चालतंय. आई गेल्यापासून माहेर म्हणजे तूच.

चादरीचा आडोसा करून आपण कावळे हाकत बसतो, वाटीतला गरम चीक खातो, तू मला चिडवतेस आणि मी तुला वर्षभराचं सगळं सांगते. इथे माझ्याशी सगळे बोलतात. जेवण झालं का, म्हशीला पाणी पाजलं का, मोटर बंद केली का. मला काय वाटतं ते कोणी विचारत नाही. मला तुझी फार आठवण येते गं.

शेजाऱ्यांची गच्ची मिळते का बघ. हातापाया पड, पण माग. ह्या वर्षी नाही म्हणू नकोस.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
ललिता


नाशिक रोड
२७ मार्च २०२५

चि. ललितास,
आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

हातापाया पडून झालं. शेजारच्या पल्लवीने गच्चीभर कुंड्या मांडल्यात आणि समोरच्यांनी गच्चीवर कुत्रा बांधलाय. तो कावळ्यांपेक्षा वाईट.

सोलरवाला शेवटी एकदाचा आला. गॉगलसुद्धा काढला नाही. म्हणाला, स्टँड उंच करायचा तर सगळं उतरवावं लागेल, पोरं मोकळी नाहीत, दिवाळीनंतर बघू. मी म्हटलं, वाळवण उन्हाळ्यात असतं. तर मलाच समजावतो की काकू, कुरडया आता पाकिटात मिळतात, घरपोच येतात, तुम्ही कशाला उन्हात बसता. माझं तोंड किती चालतं ते तुला माहीत आहे. पण त्याला काय सांगणार होते? दाजींनीच त्याला फाटकापर्यंत घालवलं आणि चहा विचारला नाही, एवढी त्यांच्यात सुधारणा.

तो गेल्यावर मी वर गेले. वाकून प्लेटांखाली शिरले, आपण बसतो त्या कोपऱ्यापर्यंत. ताठ बसता येईना, तरी मान वाकवून बराच वेळ बसले. ललिता, मला कुरडया नकोत. मला तू हवी आहेस. खोटं कारण सांगायचं तर सांग, मी आजारी पडायला तयार आहे.

वाट पाहते. रागावलीस तरी विसरू नकोस.

तुझी,
वत्सलाताई


कळवण
५ एप्रिल २०२५

ती. वत्सलाताईस,
ललिताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे खोटंच बोलणार होते. ताई आजारी आहे, हे अगदी ओठावर आलं होतं. पण धडधाकट माणसाला आजारी पाडायला माझी जीभ वळेना. मग काल जेवताना सांगून टाकलं की यंदा कुरडया नाहीत, तरी मला नाशिकला जायचंय.

ह्यांचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी विचारलं की मंग तिकडं काम काय हाये. मी म्हटलं, काही काम नाही. मला ताईची आठवण येते. एवढंच बोलले.

मग सासूबाईंनीच विचारलं, किती दिवस लागतील. दरवर्षी मी गव्हावरून सांगायचे, भिजायला इतके, वाळायला इतके. पण बहिणीला भेटायला किती दिवस लागतात, हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी ताटावरच रडले. लाज वाटली, पण थांबता येईना.

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या की लय दिवस राहू नको, पण घाईबी करू नको. विंचूरला त्यांची बहीण होती. ती आजारी होती तेव्हा इकडे कांदा काढणी चालू होती, आणि ह्या पोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे, ताई, आणि हे मला काल कळलं.

जयंती झाली की दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एसटीने निघते. मी येतेय म्हणून दाजींना डाळ, साबुदाणा काही आणायला पाठवू नकोस. लोणचं नाही, पापड नाही, गोधडीसुद्धा शिवायला काढू नकोस. यंदा आपण दोघींनी काहीच करायचं नाही.

बाकी सगळं तोंडी.

तुझी,
ललिता