दोन याद्या, एक नंबर

प्रिय ताई,

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकशील. फोनच करणार होतो, पण फोनवर तू आधी "जेवलास का" विचारतेस आणि माझं गाडं तिथेच अडकतं. गेल्या पाच महिन्यांत असं किती वेळा झालं ते मलाच माहीत. आत्ता बुधवारी सकाळचे अकरा वाजलेत आणि मी चक्क घरी आहे. का ते मागाहून सांगतो. ही कामावर गेलीय, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसारा बाजूला सारून बसलोय. अक्षराला हसू नकोस. कीबोर्ड बडवून बडवून हात पार बिघडलाय.

हे पत्र नऊ नंबरच्या बेडबद्दल आहे. तीन वर्षं आपल्या घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. आई होती तोवर तिच्यासमोर नाही, नंतर भाऊजींसमोर नाही. तू नर्सची नोकरी गमावलीस, नर्सिंगच्या रजिस्टरमधून तुझं नाव काढलं, गाव सोडलंस, आता हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतेस, आणि आम्ही सगळे "ते झालं तेव्हा" एवढंच म्हणून पुढे जातो. मी आज पुढे जाणार नाहीये. तुला आवडणार नाही, पण शेवटपर्यंत वाच. मधेच फेकून देऊ नकोस.

तुझ्याच हॉस्पिटलात माझं संगणकाचं काम नेमकं काय, हे तू मला कितीदा विचारलंस आणि मी कितीदा "तुला नाही कळायचं" म्हणालो. आगाऊपणा होता तो. कळायला काही अवघड नाही. तुम्ही वॉर्डातल्या संगणकावर नंबर आणि पासवर्ड टाकता, तेव्हा तो संगणक तुम्हाला ओळखत नसतोच. तो विचारतो माझ्या सर्व्हरला, आणि माझा सर्व्हर विचारतो एका यादीला. आमच्यात त्या यादीला डिरेक्टरी म्हणतात. कोण आपलं माणूस, त्याचा पासवर्ड काय, सगळं तिच्यात. यादी हो म्हणाली की दार उघडायचं. तुझा नंबर ४१२७. वीस वर्षं होता, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितला असतास.

तुझं प्रकरण होण्याआधी चारेक महिने हॉस्पिटलने कंत्राटी सिस्टर घ्यायला सुरुवात केली, आठवतं? तुम्ही सगळ्या चिडला होतात. त्यांची यादी कंत्राटदाराच्या वेगळ्या सर्व्हरवर होती, तिला आमच्या यादीत मिसळायचं नाही असा वरून हुकूम. दोन दिवसांत त्यांना आत घ्या म्हणाले. मी पहिल्या यादीखाली दुसरी यादी जोडली. तिथे प्रत्येक यादीसाठी एक खूण करावी लागते. या यादीने हो म्हणणं सक्तीचं, की हिने एकटीने हो म्हटलं तरी पुरे? आधी मी पहिलीला सक्तीचं ठेवलं. लगेच फोन सुरू, कंत्राटी बायका बाहेरच अडकल्या. मग दोन्हींना "पुरे" केलं. सगळे आत आले, फोन थांबले, साहेबांनी पाठ थोपटली आणि मी सहाच्या ठोक्याला घरी. आपल्यासारखे आपणच, अशा थाटात जेवलो त्या दिवशी.

एक गोष्ट करायची राहिली होती. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघायच्या, एकच नंबर दोन्हीकडे तर नाही ना. दहा मिनिटांचं काम, आणि तसं करा असं सूचनांच्या पुस्तकात ठळक छापलेलं आहे. मी ते पान वाचलेलं होतं. कंत्राटदार काही आमचे नंबर वापरणार नाही, असं मी मनाशीच ठरवून टाकलं. त्याने वापरले. त्याने त्याचे त्याचे नंबर पाडले आणि त्यातले सत्तावीस आमच्यातल्या माणसांचेही होते.

पुढचं तुला आता कळत असेल. दुसऱ्या यादीतली ४१२७ नंबरची सिस्टर स्वतःचा पासवर्ड टाकायची. पहिली यादी म्हणायची, चूक. दुसरी म्हणायची, बरोबर. एकीने हो म्हटलं की पुरे, म्हणून दार उघडायचं. पण सर्व्हर आत फक्त नंबर पाठवायचा, कुठल्या यादीने हो म्हटलं ते नाही. आणि त्या नंबरापुढे नाव कुणाचं, हे आतला प्रोग्रॅम नेहमी पहिल्या यादीत बघायचा. म्हणजे तुझं. तिने दिलेलं प्रत्येक औषध, मोजलेला प्रत्येक ताप तुझ्या नावावर पडत होता, ताई. चार महिने.

तुझं लॉगिन तेव्हा सारखं बंद पडायचं बघ. दर आठ-दहा दिवसांनी वॉर्डातून फोन, अरे खुडबुड्या, माझं पुन्हा अडकलं. मी ते उघडून द्यायचो आणि वर तुझी फिरकी घ्यायचो, की ताई, बोटं जाड झालीत तुझी, पासवर्ड नीट टाकत जा. तू कधी चूक केलीच नव्हतीस. तिचे चुकीचे पासवर्ड तुझ्या खात्यावर मोजले जात होते आणि मधे तुझा बरोबर पासवर्ड न पडता सलग तीन झाले की ते बंद पडत होतं. घड्याळं-रेडिओ उघडून बसतो म्हणून तू मला लहानपणी खुडबुड्या नाव ठेवलंस, आणि जिथे उघडून बघायचं होतं तिथे मी तुझी चेष्टा करत बसलो. मेल्या अकलेचा उपयोग काय मग.

आता त्या दिवसाचं. नळ फुटून नऊ नंबरजवळ भिंतीलगत पाणी आलं आणि तिथल्या बाईंना कोरडी जागा हवी, म्हणून त्या सकाळी नऊ आणि सात नंबरच्या बेडवरच्या बाईंची अदलाबदल केली होती. सातच्या बाईंना रक्त पातळ करायचं इंजेक्शन होतं. नऊवरून आता सातवर आलेल्या, ऑपरेशन होऊन एकच दिवस झालेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना ते चालणारच नव्हतं. एक वाजून बावन्न मिनिटांनी ते त्यांना दिलं गेलं, संध्याकाळपर्यंत त्या गेल्या, आणि नोंद होती ४१२७, तुझ्या नावाने. तू पहिल्यापासून सांगत होतीस की मी तेव्हा खाली जेवायला गेले होते. खाली तू एकटीच होतीस, बघितलेलं कुणी नाही.

चौकशीच्या खोलीत मेट्रन होत्या, मोठे डॉक्टर होते, आणि कोपऱ्यात मी, छापलेला कागद घेऊन. मी फक्त वरची नोंद छापून नेली होती. एक पायरी खाली उतरून याद्यांच्या नोंदी बघितल्या असत्या तर तिथल्या तिथे सगळं दिसलं असतं. पहिल्या यादीत एक बावन्नला "पासवर्ड चुकीचा", दुसरीत त्याच क्षणाला "बरोबर". दोन ओळी. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "तू सांग ना यांना. चुकू शकतं ना रे मशीन?" मी तुझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरांकडे बघून म्हणालो, "पासवर्डशिवाय हे शक्य नाही, सर."

मला नंतर मेट्रननी सांगितलं की त्यांचा निर्णय तिथेच झाला. सख्खा भाऊ असं म्हणतोय म्हणजे खरंच असणार, असं सगळ्यांना वाटलं. उलट मी ताठ उभा राहिलो म्हणून माझं कौतुक झालं. आणि पुढच्याच वर्षी बढती. ते तुला मी पेढ्याचा डबा द्यावा तसं फोनवर सांगितलं होतं, आणि तू खरंच खूश झाली होतीस.

पण मी केलेलं सगळ्यात वाईट ते नव्हे. सगळ्यात वाईट केलं ते दोन दिवसांनी, तुझ्या घरी. तू पलंगाच्या कडेला बसली होतीस, सारखं तेच, मी जेवायला गेले होते, डब्याचं झाकण निघत नव्हतं तेही आठवतंय मला. आणि मी शहाणा, तुझी समजूत काढायला लागलो. तुझ्या सलग दोन पाळ्या झाल्या होत्या, डोळे मिटत होते, दमलेल्या माणसाला आपण काय केलं ते आठवत नाही, जेवण तू नंतर केलं असशील. तासभर बोललो असेन. मग तू म्हणालीस, मीच दिलं असेल रे. आणि मला वाटलं, चला, निदान मान्य केलं, आता हलकं वाटेल हिला. ताई, तुझ्या डोक्यातली खरी आठवण मी माझ्या तोंडाने पुसून काढली. तू त्या बाईंच्या मुलीकडे माफी मागायला गेलीस, तिने तोंडावर दार लावलं, ते माझ्यामुळे. आता तू स्वतःची गोळी घेतानासुद्धा पाकीट पोरीकडून मोठ्याने वाचून घेतेस, तेही माझ्यामुळे.

पाच महिन्यांपूर्वी जुना सर्व्हर बदलायचा निघाला. या वेळी मी त्या दोन याद्या शेजारी ठेवल्या. सत्तावीस नंबर निघाले, त्यात ४१२७. मी जुन्या नोंदी काढल्या आणि त्या दोन ओळी बघितल्या. मग उठून हात धुतले, कशासाठी ते ठाऊक नाही, आणि परत येऊन बसलो. त्या दुपारी मी काय केलं तर कंत्राटी लोकांच्या नंबरांपुढे एकेक अक्षर लावलं, म्हणजे पुन्हा असं होऊ नये. एका मिनिटाचाही खोळंबा न होता काम झालं म्हणून पुन्हा शाबासकी. कुणालाही काही सांगितलं नाही. ती कंत्राटी सिस्टर कधीच सोडून गेलीय. तिला तरी माहीत होतं का, की तीही बेड बदलल्याच्या गोंधळात फसली, देव जाणे. मी भित्रा आहे, ताई. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती होती ती तू माझ्याकडे कशी बघशील याची. मागच्या महिन्यात तुझ्याकडे आलो तो सांगायलाच आलो होतो. तू वाढत राहिलीस, मी खात राहिलो आणि शेवटच्या बसने परत आलो.

आता का लिहितोय ते. काल दुपारी भाऊजींचा फोन आला. त्यांचा आवाज ऐकून मला आधी वाटलं, यांना कळलं. तर ते म्हणाले, तुला काखेजवळ गाठ आलीय, तपासणी झाली, डॉक्टर म्हणतात अजून वेळ गेलेली नाही, सोमवारी ऑपरेशन करू, आणि तू सही करायला तयार नाहीस. महिनाभर झाला म्हणे. त्यांनी कारण विचारलं तर तू म्हणालीस, "जिच्या हातून एक बाई गेली, तिच्यासाठी एवढी धडपड कशाला?" भाऊजी फोनवर रडत होते, भावाचं तरी ऐकेल ती, म्हणाले. ताई, तुझ्या हातून कुणी गेलं नाही. तू खाली जेवत होतीस. तुला आठवत होतं तेच खरं होतं. आज सकाळी नऊला मी ते सगळे कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले, एक प्रत त्या बाईंच्या मुलीच्या हातात दिली, आणि दहा वाजता मला घरी पाठवलं, बहुतेक कायमचं. तिसरी प्रत या पाकिटात आहे, दोन ओळींखाली रेघ मारलीय. भाऊजींना वाचायला लावू नकोस, तूच वाच, तुझे डोळे चांगले आहेत. काल तो फोन आला नसता तर मी अजूनही गप्प राहिलो असतो, हेही तुला माहीत असू दे. माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस, मला दारात उभं करू नकोस. फक्त सोमवारी जा आणि त्या कागदावर सही कर.

तुझाच,
धाकटा