पिवळे तळवे

माय, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तू अल्लीपूरहून माझ्याकडे वर्ध्याला आलीस ती अर्धं पोतं हळद घेऊन. उकडून वाळवलेली, पण अजून काळपट. माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिका चहाला आल्या आणि तू मागच्या अंगणात हळकुंडं गोणपाटात घालून घासत बसलेली. खर्र खर्र आवाज बैठकीत येत होता. हे काय चाललंय, एकीनं विचारलं. यंत्रावर साफ करून आण, असं मी तुला दहादा सांगितलं होतं. चिडून मी इंग्रजीत म्हणाले, आमच्या आईचं डाँकी वर्क.

त्या गेल्यावर तू कपबशा उचलता उचलता विचारतेस, "माह्याबद्दल काय म्हणली वं इंग्रजीत?" मी इंग्रजीची मास्तरीण. सांगते, अंगमेहनतीला म्हणतात तसं. खोटं नव्हतं. पण डोकं न लागणाऱ्या, नाव न होणाऱ्या कामाला म्हणतात, आणि त्यात गाढव आहे, एवढं मी गाळलं. ज्या कॉन्व्हेंटात हा शब्द शिकले, तिथं तू मला हीच हळद विकून घातलं होतंस.

तुला शब्द आवडला. चार दिवसांनी माझ्या मुलीला बघायला माणसं आली. मुलाच्या आईनं तुझे पिवळे तळवे पाहून सहज विचारलं. तू ऐटीत म्हणालीस, "मी डाँकी वर्क करतो." बैठकीत हशा पिकला. पाहुणे खूश झाले समजून तूही हसलीस. नंतर स्वयंपाकघरात, अजून बाहेर न आलेल्या नातीला अर्थ विचारलास आणि तिनं खरा सांगितला.

तू मागच्या अंगणात गेलीस. उरलेली हळद घासलीस, डब्यात भरलीस आणि सकाळी पिशवी उचललीस. "येतो वं. गाढव लय दिवस घरात ठेवू नाई."

पुढं दर वर्षी कुणाच्या तरी हाती हळद येत राहिली, घासून लखलखीत केलेली. तू आली नाहीस. सहा वर्षांनी गेलीस.

आता कुणी कामवालीच्या कामाला हलकं म्हटलं की मी त्याला चारचौघांत सोलून काढते. सून म्हणते, आईंच्या जिभेला काटे आहेत. तेव्हा कुठं होते ते?

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून एवढं लिहायचं धाडस झालं. हा कागद हळदीच्या डब्याखाली राहील. मुलीला मी आजवर सांगत आले की त्या दिवशी पाहुणे हसले. हसले तेही. पण पहिली मी हसले.