ऐनाखालच्या दगडाची वाटणी

मी, देवराम लखमा भोये, वय वर्षे एकोणपन्नास, शिक्षण सातवी पास, नोकरी आश्रमशाळेत स्वयंपाकी, राहणार सूर्यमाळ, तालुका मोखाडा, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी वस्तऱ्याने दाढी केली आणि कुठेही कापले नाही, हा त्याचा पुरावा समजावा.

मरण्याची मला घाई नाही. येत्या सोमवारी नाशिकला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "किरकोळ आहे, काका." मी विचारले, "साहेब, तुमच्या चाकूला धार कोण लावतं?" ते हसले. म्हणाले, "धार कोण लावत बसणार? एकदा वापरलं की पातं टाकून देतो." मी जन्मात एकही पाते टाकलेले नाही. ज्या माणसाने कधी धार लावली नाही त्याच्या हाती पोट द्यायचे आहे, म्हणून घरी आल्यावर आधी कागद घेतला.

कलम एक. सूर्यमाळचे कौलारू घर, अंगण आणि डोंगरउतारावरची नागलीची जमीन माझ्या पश्चात माझी पत्नी गोजाबाई हिच्याकडे तहहयात राहील. तिच्यानंतर मुलगा नीलेश आणि मुलगी प्रतिभा यांना निम्मे निम्मे. यावर भांडण करू नये. भांडायचेच असेल तर पुढच्या कलमांवर भांडावे, तिथे जागा आहे.

कलम दोन. नोकरीचे जे काही मिळेल ते गोजाबाईचे. कागद पत्र्याच्या पेटीत, देवाच्या फोटोमागे आहेत. तिथे फोटोला नमस्कार करूनच हात घालावा.

कलम तीन. धारेचा काळा दगड. या एका कलमासाठी मी हे मृत्युपत्र लिहीत आहे, बाकीची कलमे ओघाने आली आहेत.

हा दगड माझ्या वडिलांनी नदीच्या पात्रातून डोक्यावर चुंबळ ठेवून वर आणला. लांबीला हातभर, रुंदीला वीतभर. चाळीस वर्षे घासून घासून वडिलांनी त्याला मधोमध बाक आणला होता. त्यावर नुसते थोडे पाणी शिंपडले तरी कोयत्याला अशी धार चढे की बांबू कापताना आवाजही येत नसे. वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला. घरच्या सुऱ्या, खिशातला चाकू, कोयते आणि शाळेतली कांद्याची मोठी सुरी, सगळे त्याच्यावर होत असे.

अठ्ठ्याण्णव साली खंडेनवमीला गोजाबाई घर सारवत होती, म्हणून अवजारांची पूजा मी बाहेर मांडली. पाड्याच्या कडेला ऐनाचे झाड आहे, त्याच्या सावलीत. दगड धुतला, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले, नारळ फोडला. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नसतो. संध्याकाळी कोयते, सुऱ्या घरात घेतल्या. दगड जड, उद्या नेऊ म्हणून तिथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी उजाडताच शाळेची जीप दारात आली. मुलांच्या क्रीडास्पर्धांना डहाणूला स्वयंपाकी हवा होता. मी गेलो तो आठ दिवसांनी परतलो.

मधल्या काळात शेजारच्या वेणूची गाभण शेळी हरवली होती. तीन दिवस शोधून ती थकली. येता येता ऐनाखाली तिला फुलाहळदीचा दगड दिसला, ती पाया पडली. त्याच संध्याकाळी शेळी दोन करडे घेऊन दारात उभी. मी डहाणूहून आलो तेव्हा दगड उभा केलेला होता, पुढून शेंदूर फासला होता आणि समोर तांदळाची रास होती.

वेणू म्हणाली, "देवरामभाऊ, वाघदेव आला आपल्या पाड्यावर. शेळी एकटी गेली, आली तिघंजणी."

मी म्हणालो, "वेणू, हा दगड म्हणजे..."

"बघा ना, कसा काळाभोर हाय. आन मधी कसा बाक. कोणी घडवला नाय, आपोआपचा हाय."

पाचसहा माणसे हात जोडून उभी होती. मीही जोडले. ते जोडले ते जोडलेच. घरी गोजाबाई म्हणाली, "आता आणायला जाल तं पाड्याचा देव चोरला म्हणतील."

मी देव मानणारा माणूस आहे. आंघोळ झाल्यावर दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाही. पूजा मीच केली होती, तेव्हा दुसऱ्यांनी केली तर बिघडले काय, असे मी मनाला पुष्कळदा सांगितले. पण मी ज्या दगडावर मासे कापायची सुरी घासली त्याला लोक नवस बोलतात आणि मी तोंड उघडत नाही, हे पाप आहे की काय ते मला साडेतीन वर्षांत ठरवता आलेले नाही. मी खोटे बोललो नाही. फक्त गप्प बसलो. ऑपरेशनच्या टेबलावर हे ओझे घेऊन जायचे नाही म्हणून इथे कबूल करतो, की ऐनाखालचा दगड हा माझा धारेचा दगड आहे.

एक नवल मात्र नोंदवून ठेवतो. त्या दगडाला पुढून शेंदूर राहतो, पाठीमागे राहत नाही. बाकाची बाजू पाठीमागे आहे आणि ती कायम स्वच्छ काळी असते. मला माझ्या चुकीची आठवण राहावी म्हणून देवानेच ही व्यवस्था केली असावी, असे मी मानतो. गोजाबाई दर शनिवारी पहाटे तिथे दिवा लावायला जाते. तिची भक्ती माझ्यापेक्षा मोठी आहे, हे मला लाजेने लिहावे लागते.

कलम चार. जव्हारचे हरिभाऊ. दगड गेल्यावर घरातल्या पात्यांना धार कशी लावायची हा प्रश्न उभा राहिला. पहिल्यांदा कपाच्या बुडाशी घासून पाहिले. दोन कप गेले, धार आली नाही. मग गोजाबाईची विळी घेऊन मी हरिभाऊंच्या लोखंडी सामानाच्या दुकानी गेलो. त्यांनी विजेवरचे धारेचे चाक नवीन आणले होते. विळी टेकवली आणि फुलबाज्या उडाल्या. हरिभाऊ म्हणाले, "घे. आता हिच्यावर केस धर, तुटेल." केस तुटला. पण पाते तापून निळे पडले होते आणि निळे पडलेले पाते म्हणजे मेलेले पाते. आठव्या दिवशी त्या विळीने भेंडी दबली, कापली गेली नाही. गोजाबाईच्या आईने दिलेली विळी होती. ती अजून माळ्यावर आहे. माझ्या पश्चात ती हरिभाऊंना द्यावी आणि त्यांनी ती गिऱ्हाइकांना दिसेल अशी चाकाच्या वर टांगावी. बाकी त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. चहा ते चांगला पाजतात.

कलम पाच. नीलेशचे यंत्र. माझा मुलगा मोखाड्याला तहसील कचेरीत कारकून आहे आणि त्याला घासण्याचा कंटाळा आहे. त्याने ठाण्याहून एक प्लास्टिकचे यंत्र आणले, त्यात लोखंडी चकत्यांची फट असते आणि फटीतून सुरी ओढायची असते.

"बाबा, दोनदा ओढलं की झालं. जमाना कुठं गेला बघा."

धार येते, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पण दर वेळी ओट्यावर लोखंडाचा भुसा पडतो. वर्षभरात दोन बोटे रुंद असलेली सुरी दीड बोट झाली. मी त्याला म्हणालो, "नीलेश, हे धार लावत नाही, सुरी खातं." तो म्हणाला, "मग नवीन आणू." हा मुलगा पुढे डॉक्टर व्हायला हवा होता. ते यंत्र आणि ती दीड बोटाची सुरी त्याला द्यावी. माझा खिशातला चाकूही त्यालाच, कारण त्याचे टोक तेलाचा डबा उघडताना त्यानेच मोडले आहे. तो चाकू त्या यंत्रात घालू नये, ही अट.

कलम सहा. नाशिकचा दुहेरी दगड आणि धारेची रीत माझी मुलगी प्रतिभा हिला. हा दगड एका बाजूने भरड, दुसऱ्या बाजूने बारीक आहे. सर्व प्रकार करून पाहिल्यावर घरासाठी हीच रीत मी पसंत केली आहे. आधी दगड पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावा. स्वयंपाकाच्या सुरीचा कणा काडेपेटीच्या जाडीएवढा उचलावा, खिशातल्या चाकूचा शिसपेन्सिलीएवढा, आणि तो कोन शेवटपर्यंत मोडू नये. एका बाजूने घासत राहावे. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली म्हणजे काठ वळला, मग बाजू बदलावी. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर पाते उलटे ओढावे. परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदावर किंवा पिकल्या टोमॅटोवर घ्यावी, अंगठ्यावर घेऊ नये. प्रतिभाच्या हातात हा कोन आहे. नीलेशच्या हातात नाही. मुलगी म्हणून तिला ही गोष्ट मिळू नये असे कोणी म्हटल्यास त्याने तिच्यासमोर टोमॅटो कापून दाखवावा.

हा दगड उत्तम असल्याचा पुरावा घरातच आहे. विळी मेल्यापासून गोजाबाई सुरीवरच भागवते आणि गेली दोन वर्षे ती सुरी मी लावलेल्या धारेवर चालली आहे. ती कधी तक्रार करत नाही, उलट म्हणते, "बरी लागते हो तुमच्या दगडाची." गेल्या मे महिन्यात पाड्यावर पाण्याचे इतके हाल होते की मी दगड भिजवायला तांब्याभर पाणी मागितले तेव्हा तिने विचारले, "दगडाला पाजू का पोरांना?" सहा आठवडे दगड कोरडा पडून राहिला. तरीही तिच्या सुरीची धार जशीच्या तशी होती. यावरून माझ्या पद्धतीने लावलेली धार किती टिकते ते दिसून येते.

कलम सात. काळ्या दगडाबद्दल इच्छा. तो दगड माझा आहे आणि माझा नाहीही. माझ्या पश्चात प्रतिभाने वेणूला सर्व हकीकत मऊ शब्दांत सांगावी. पाड्याची संमती मिळाली तर देवाची क्षमा मागून दगड घरी आणावा, तो प्रतिभाचा. संमती नाही मिळाली तर राहू द्यावा. हे मी जिवंतपणी का सांगितले नाही असे वेणू विचारेल. कारण मेल्यावर ती मला बोलू शकणार नाही.

पुरवणी. वरचा मजकूर पुरा झाल्यावर साक्षीदार म्हणून शाळेचे वामन गुरुजी आणि शेजारीण वेणू यांना बोलावले. साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, मजकूर ऐकायचा नसतो, असे मला कचेरीत सांगितले होते. त्या भरवशावरच वेणूला बोलावले होते. वामन गुरुजींना हे मान्य झाले नाही. "न वाचता मी कशावरही सही करत नाही," असे म्हणून त्यांनी प्रार्थनेच्या वेळी वाचतात तशा आवाजात पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मला मध्ये थांबवता आले नाही.

कलम तीन संपले तेव्हा मी जमिनीकडे पाहत होतो. वेणू म्हणाली, "मग? धारेचाच दगड हाय तो. मला काय म्हाईत नाय?"

मी विचारले, "तुला माहीत होतं?"

"लखमाकाका त्याच्यावर कोयता घासायचे तं मी पाणी शिंपडायची. एवढीशी होती."

"मग शेंदूर का लावला?"

"शेळी आली ना," वेणू म्हणाली. "पुढून देव हाय. मागून दगड हाय. आम्ही बाया आधी पुढून पाया पडतो, मग मागून इळे घासतो. देवाची काय हरकत दिसली नाय."

मी गोजाबाईकडे पाहिले. ती सुपातल्या तांदळात खडे शोधत होती आणि त्यात तिला फारच खडे सापडत होते. दर शनिवारी पहाटे दिवा लावायला जाताना तिच्या पदराखाली आणखी काय असते, ते मला तेव्हा कळले.

"आणि माझा नाशिकचा दगड?" मी विचारले.

"तुम्ही एवढं भिजवायचे, पेन्शिली लावून बघायचे," ती सुपाकडे पाहतच म्हणाली. "मन कशाला मोडू?"

"मला सांगायचं तरी."

त्यावर वेणू म्हणाली, "तुम्ही पुरुष माणसं. एकदा कोयते घेऊन आलात का पुढूनपण घासाल."

दारात उभी राहून ऐकणारी प्रतिभा हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "माझी सुरी मात्र नाशिकच्याच दगडावरची हाय बाबा, तुमची शप्पथ." तिने वर्तमानपत्राचा कागद धरला आणि वरपासून खालपर्यंत सुरी आवाज न करता उतरली. म्हणून कलम सहामधली रीत आणि वाटणी कायम. फक्त त्यातला गोजाबाईच्या सुरीचा पुरावा रद्द समजावा.

कलम सात पूर्ण रद्द. त्याऐवजी असे की, ऐनाखालचा दगड जिथे आहे तिथेच राहील. पुढची बाजू देवाची, मागची बाजू पाड्यातल्या बायांची. माझ्या वारसांपैकी कोणीही त्यावर हक्क सांगू नये. ऑपरेशनमधून उठून मी होळीआधी घरी आलो, तर महिन्यातून एकदा माझा एक कोयता मागच्या बाजूला घासू द्यावा, अशी विनंती मी केली. वेणूने ती मान्य केली आहे. आधी पाया पडायचे, ही तिची अट मी मान्य केली आहे.

माझ्या मनावर आता काही नाही. डॉक्टरांनी कोणतेही पाते वापरावे.

ठिकाण: सूर्यमाळ. दिनांक: १४ मार्च २००२, गुरुवार.

सही: देवराम लखमा भोये

साक्षीदार एक: वामन गुरुजी, आश्रमशाळा. मजकूर संपूर्ण वाचून सही केली.

साक्षीदार दोन: वेणू, राहणार सूर्यमाळ, डाव्या हाताचा अंगठा.

टीप: शाईचा पॅड शाळेत राहिल्यामुळे साक्षीदार दोनचा अंगठा ऐनाखाली जाऊन शेंदराने उमटवून आणला आहे. तो पुढच्याच बाजूच्या शेंदराचा आहे, हे मी समक्ष पाहिले. वामन.