माचातला पाडाचा आंबा

माय, तू जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि आज मी जिंकले. मी बोलते आहे, लिहिते आहे माझी नात. ती अमरावतीच्या कॉलेजात शिकवते, म्हणून माझं मले-तुले कागदावर सरळ करते. करू दे.

काल ती सांगत होती, फळात पेशी असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या इवल्या खोल्या. पिकू लागलेली पेशी एक वायू सोडते. तो तिचा तिलाच लागतो, मग ती आणखी सोडते. शेजारणीलाही लागतो, मग तीही सोडू लागते. असं करत सारं फळ पिकतं, आणि त्याच्या वाऱ्यानं बाजूचंही. मी म्हटलं, ही तर माझी माय झाली! शेतात निंदायला जायच्या दिवशी तू स्वतःलाच मोठ्यानं म्हणायचीस, "ऊठ वं बाई, दिवस निंगाला," आणि तू अंथरूण सोडायच्या आत आख्खी गल्ली उठलेली असायची.

बाईच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, लग्नातला आंब्यांचा माच आठवतो? आपण धम्म घेतल्यावरचं घरातलं पहिलं लग्न. बार्शीटाकळीतले लोक हसत होते, भटाविना लग्न, जेवणही तसंच असेल. तू हट्टाला पेटलीस, अकोल्याच्या वरातीला आमरसच वाढायचा. आंबे आले सोमवारी, दगडासारखे, आणि लग्न रविवारी. तू गवताचे थर लावून माच रचलास, ते पिकत घातलेस आणि मला बजावलंस, झाडावर पिकून पडलेला पाडाचा आंबा माचात नको, एक नासला की सारे नासतात.

गुरुवारी तू वरचे चार दाबून पाहतेस. कच्चे. आंबेवाल्याच्या सात पिढ्या काढतेस आणि आमरसाऐवजी बेसन भिजवायचं ठरवून टाकतेस. तुझ्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शनिवारी गवत उपसलं. मधले सगळे पिवळेधमक, कडेचेही मऊ पडत आलेले. आणि ऐन मध्यावर एक पाडाचा, लिबलिबीत.

"कोनं ठेवला हा?"

"म्या."

"काहून वं?"

"पिकला आंबा कच्च्याले पिकवते, म्हून."

मारशील असं वाटलं होतं. तू पिवळे आंबे टोपलीत भरू लागलीस. रविवारी वरातीतले लोक वाट्या चाटून पुसून मोकळ्या करत होते आणि तू पंगतीपंगतीतून सांगत होतीस, "माह्या लहानीचं डोस्कं आहे हे." पुढं दर उन्हाळ्यात माचात पाडाचा आंबा माझ्याच हातानं ठेवायला लावलास.

आता नात म्हणते, आजी, तू तर कॉलेजाच्या आधीच शिकली होतीस. मी मान ताठ करून बसले आहे. पण लिहिणारी घरचीच आहे, हा कागद कुठं जाणार नाही, आणि गेला तरी तू माझ्यासारखीच, अक्षरशत्रू. म्हणून सांगते. तो आंबा मी एकटीनं खायला लपवला होता. मग गवतात सापडलाच नाही. ते उत्तर तुझा उगारलेला हात पाहून सुचलं. माय, मी खोटं बोलले होते, आणि बघ, ते खरं निघालं.