खालच्या मजल्याचं पाणी

१७ एप्रिल

खालच्या न्हाणीच्या दाराला कडी बसली. अकरा दिवसांतली तिसरी तक्रार मिटली. पहिली पंख्याची, दुसरी ओट्याच्या फुटक्या फरशीची. तरी रोज स्वतःला विचारते — आपण चांगली घरमालकीण आहोत ना?

खालच्या भाडेकरू कडूबाई म्हणाल्या, "मालकीणबाई, तुमी लईच पळता. कडी न्हवती तर म्या गाणं म्हनत आंघूळ करत व्हते, कुणी येऊ नाय म्हनून. आता गाणं कशाला म्हनू?"

माफी मागून आले. कशाची, ते माहीत नाही.

खालचं घर पप्पांनी निवृत्त झाल्यावर माझ्या हवाली केलं. सोबत एक वही दिली — तारीख, तक्रार, काय केलं, सही. "तोंडी काही ऐकायचं नाही." पप्पांनी तीस वर्षं कालव्याची दारं उघडझाक केली. त्यांचा माणसांपेक्षा वहीवर विश्वास. मला अक्षरंही त्यांनीच शिकवली, शाळेच्या आधी, कालव्याच्या चौकीवर. माझं पहिलं पूर्ण वाक्य — "शेवटच्या शेताला आधी पाणी." तोंडाजवळचे आधी भिजवून घेतात आणि टोकाचा कोरडा राहतो, म्हणून हा नियम. शंभर वेळा गिरवलं होतं. अजून झोपेतही लिहीन.

२२ एप्रिल

चौथी तक्रार. कडूबाईंचा मुलगा कृष्णराज कोर्टात कारकून आहे, त्यामुळं वहीत अर्जच असतो. "खालच्या मजल्यावर दिवसा पाणी येत नाही, सबब योग्य ती कार्यवाही व्हावी."

लगेच शंभुलिंग प्लंबरला फोन. तो आला, नळ सोडला — धो धो पाणी. "ताई, ह्यो तर धबधबा हाय की."

कडूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. तक्रार त्यांचीच, आणि हसणंही त्यांचंच!

२५ एप्रिल

पुन्हा पाणी गेलं. शंभुलिंग आला. पाणी आलं. शंभुलिंग गेला.

२९ एप्रिल

तिसऱ्यांदा. शंभुलिंग म्हणाला, "माझ्या गाडीच्या आवाजावरच तुमचं पाणी येतंय. रोज नुसता हॉर्न मारून जात जाऊ का?"

पप्पा वाळत घातलेले कपडे बघून गच्चीवरून उतरत होते. म्हणाले, "पाइपात हवा धरत असेल."

"हवा येळ बघून धरत नसती, साहेब."

रात्री आठवलं — पप्पांनी आयुष्यात कधी वाळत घातलेले कपडे बघितलेले नाहीत. वय झालं, घरकामात लक्ष घालायला लागले. बरं वाटलं.

३ मे

आजच्या अर्जानं झोप उडवली. "आम्हांस स्वतंत्र टाकी व स्वतंत्र पाइप मिळावा."

स्वतंत्र. हा शब्द मी दहादा वाचला. एकाच टाकीतलं पाणी आपण वर वापरतो, ते खाली. त्यांना आपल्या टाकीचं नको झालं का? घर बघायला आल्या तेव्हा कडूबाईंनी हॉलमधला बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो बघितला होता. आडनावही विचारलं होतं. तरी राहायला आल्या. मग आता?

आईला विचारलं. ती भाकरी थापत म्हणाली, "विचारायचं काय त्यात? असंल तर असंल." मग थापणं थांबवून तिनं सांगितलं. बेंबळीहून ती आणि पप्पा पहिल्यांदा इथं आले, तेव्हा चार घरांनी आडनाव ऐकून खोली दिली नाही. पाचव्यानं दिली. जयंतीला पप्पा निळा फेटा बांधून बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मालकानं सकाळी नऊला यांचं पाणी बंद करायला सुरुवात केली. कारण कधी सांगितलं नाही. मी पोटात होते. आई समोरच्या हापशावरून पाणी आणायची.

म्हणून मी इतकी पळते, हे आज मलाच कळलं. माझ्या घरात कुणाला पाणी दोनदा मागायला लागू नये, एवढंच मला पाहिजे. पण जिला माझं पाणीच नको, तिचं काय करायचं?

४ मे

कडूबाईंना चहाला वर बोलावलं. आधी मुद्दाम पाण्याचा तांब्या-पेला पुढं ठेवला. त्यांनी पेला उचलला — आणि पप्पांच्या पुढं सरकवला. "आदी दादांना द्या. त्यांला पाण्याची लई काळजी."

पप्पा पेपरात शिरले. चहाही राहिला, कडूबाईंना कुणीतरी खालून हाक मारली. पेला तसाच भरलेला.

कळलं मला काय ते. वहीत लिहिलं — "स्वतंत्र टाकी बसवून देऊ." खाली सही केली.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. आईनं खीर केली. म्हणाली, "खाली देऊन ये." मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "आपण द्यायचं. घ्यायचं का न्हाय ते त्यांचं." सकाळी साडेनऊला मोठा वाडगा देऊन आले. कडूबाईंनी दारातच घेतला, तोंडाकडं बघितलंच नाही मी.

अकरा वाजता वाडगा परत आला. उष्टा.

आपल्याकडं कुणी भांडं रिकामं परत करत नाही, आणि उष्टं तर शत्रूही करणार नाही. बोटानं निपटून काढलेल्या रेघा दिसत होत्या. बुडाशी दोन वेलदोड्याची सालं. आत चिठ्ठी, कृष्णराजच्या अक्षरात, शब्द कडूबाईंचे — "खीर लई ग्वाड झालती. समदी म्याच खाल्ली, पोराला ठिवली न्हाय. भांडं धुयाला गेले तर धा वाजून गेलते. माफी असावी."

दहा वाजून गेले होते.

मी चिठ्ठी घेऊन उभीच. खीर सगळी खाल्ली. भांडं धुवायला पाणी नाही. दहा वाजता. आणि शंभुलिंगची गाडी. आणि वाळत घातलेले कपडे.

अरे देवा नाही — अरे पप्पा!

१३ मे

दहाला पाच कमी असताना गच्चीवर टाकीमागं जाऊन बसले. बरोबर दहाला पप्पा आले. चपला हातात, आवाज नको म्हणून. खालच्या मजल्याचा व्हॉल्व्ह फिरवला आणि घड्याळात बघितलं.

"पप्पा, हे काय?"

दचकले, पण अधिकाऱ्यासारखे उभे राहिले. "पाणीपाळी. दहा ते चार बंद. नळ आठवड्यानं येतो, टाकी एक. कुणीतरी नियोजन करायला नको?"

"मग वरचा व्हॉल्व्ह?"

"वरचा आपला आहे."

आईनं सांगितलेला तो मालक डोळ्यांपुढं आला. म्हटलं, "तोही असाच बंद करायचा ना?"

पप्पांनी चपला खाली ठेवल्या. म्हणाले, "तो नऊला करायचा."

मी हसू का रडू! तोंडातून निघालं ते तेच, शंभर वेळा गिरवलेलं. "शेवटच्या शेताला आधी पाणी."

त्यांनी व्हॉल्व्ह उघडला.

खाली गेले. कडूबाईंचे पाय धरायचेच तेवढे राहिले होते. "तुम्हाला माहीत होतं, मग सांगितलं का नाही?"

"आंगनातून रोज दिसायचे की, चपला हातात घेऊन. पर बापाला लेकीफुडं कसं उघडं पाडायचं? म्हनून टाकी मागितली." मग हसल्या. "खिरीनं काम केलं."

मी काय समजले होते, ते त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. इथं लिहून ठेवते.

१४ मे

तीस वर्षांची सवय. दहाला पप्पा पुन्हा गच्चीवर जाऊन आले, मग निवांत अंघोळीला शिरले. मी साबण लागायला पुरेसा वेळ दिला. मग मी गच्चीवर गेले. खालचा व्हॉल्व्ह उघडला, वरचा बंद केला.

"श्रावस्ती, पाणी गेलं गं."

"वहीत लिहा, पप्पा. तोंडी काही ऐकायचं नाही."

पप्पांची हाक खालपर्यंत गेली होती. जिन्यात भरलेल्या बादलीची कडी वाजली. कडूबाई. "दादा, दाराभाईर ठिवते. आणीक लागली तर सांगा, आमच्याकडं हाय."