तिला सांगा

रविवार, दुपार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भाऊजींना वेगळा. गुडघा कसा आहे? माझी पाठ धरलीय. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांचे संसार ऐकायचे, दुसरं काय होणार?

फोनवर तू विचारलंस, एवढी थकलेली का वाटतेस? मी कामाचं नाव सांगितलं. कामच होतं. म्हणजे, तसं कामच.

परवा एका घटस्फोटाचा निकाल दिला. बाई शिवण शिकवते, नवरा औषधांच्या दुकानात. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरचं काही नाही. "मग त्रास काय?" त्याच्या वकिलांनी विचारलं.

"ते माझ्याशी बोलत नाहीत. कित्येक वर्षं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकील म्हणाले, "मॅडम, न बोलणं हा छळ ठरला तर निम्मी घरं मोडतील."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. छळ कशाला म्हणायचं, हे कायद्याने मापून दिलेलं नाही, न्यायाधीशावर सोडलंय. विवेकाधिकार, एवढा मोठा शब्द. प्रत्यक्षात एक दमलेली बाई आणि समोर दोन माणसं.

मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्हाला यांना नांदवायचंय ना? मग सांगा त्यांना."

ती हाताच्या अंतरावर उभी होती. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, तिला सांगा, मी न्यायला तयार आहे."

"मला नको. त्यांना सांगा."

तो वकिलांकडे वळला. "साहेब, तुम्ही सांगा तिला."

ती रडली नाही. रोजचंच असल्यासारखी नुसती उभी राहिली.

मी घटस्फोट मंजूर केला. कारणं नीट लिहिली, आधीच्या निकालांचे दाखले दिले. तो अपील करणार. वर टिकेल की नाही, देव जाणे. पण लिहिताना हात अडत होता. हा निकाल कायद्याने दिला, की आमच्या घराने?

तू आलीस की आमचे हे भरभरून बोलतात, म्हणून तुला कळलं नसेल. त्या संध्याकाळी हे टेबलाशी बसले होते, मी समोर. स्वयंपाकाच्या बाईंना म्हणाले, "विचारा, जेवणार आहेत का?" बाई बिचाऱ्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "सांगा, नाही." आणि स्वतःचंच बोलणं ऐकून ताटावरून उठले.

रजा टाकलीय. शनिवारी येते. यांना अजून कळवलेलं नाही. पण बाईंकरवी कळवणार नाही, समोर बसून मीच सांगेन.

मागची खोली मोकळी करून ठेव. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझी,
धाकटी